सोनाआत्याची एकेक गोळी

सोनाआत्या उद्याची गोळी कुणाला आज देत नसे. "एक खा. कसं वाटतंय ते सांगायला उद्या ये," एवढंच म्हणायची.

ती वडिलांची लांबची चुलतबहीण. मोहोळहून मी कॉलेजसाठी सोलापूरला आलो तो तिच्याच खोलीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे कुणाला काही शिकवायचा मला धीरच होत नसे, आत्याला तर नाहीच. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात साऱ्या गल्लीच्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरनं आठवड्याच्या दिल्या, तरी बरं वाटलं की बाकीच्या आत्याकडे जमा. "अन्न आन् औषिद टाकू न्हाय," हा तिचा कायदा. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की दारात माणसं. खोकल्याला पिवळी, जुलाबाला लाल. शेजारची नरसम्मा पाय मुरगळला तरी यायची, आणि तिलाही पिवळीच मिळायची.

त्या उन्हाळ्यात आत्यालाच लघवीला आग होऊ लागली. सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं, मग डबा. दोन पिवळ्या, आग थांबली की बंद. पुन्हा आग, की दोन लाल. शेवटी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून लॅबमध्ये मला जंतू वाढवलेल्या तीन तबकड्या पाहू दिल्या. त्यांत वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या आणि जे औषध चालत नव्हतं त्याच्या चकतीला जंतू खेटून वाढले होते. लघवीच्या एकाच बाटलीतले, एकाच जातीचे, पण तीन तऱ्हांचे. एक पिवळीला दाद देत नव्हता, दुसरा लालला, तिसरा दोन्हींना.

घरी येऊन मी चाचरत म्हणालो, "आत्या, अर्धवट औषधानं कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. आणि औषध पचवायची युक्ती ते एकमेकांना देतातसुद्धा."

तिनं कण्हत विचार केला. "म्हंजी त्यांच्यातबी शेजारधर्म हाय म्हन की."

मला हसू आलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. एकच औषध आता लागू पडत होतं, तेही इंजेक्शनचं. "हे पुरं घ्या, बाई. आणि तो डबा घरात राहिला, तर पुढच्या वेळी तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नसेल."

आत्यानं सुया पुऱ्या घेतल्या. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "खड्डा खोल कर. कोंबड्या उकरत्याल."

ती बरी झाली. भोंगा झाला की सवयीनं दारात बसायची. माणसं "बरं हाय न्हवं, आत्या?" असं चालता चालताच विचारायची. नरसम्मा एकदा आली, गोळी नाही म्हटल्यावर उभ्याउभ्याच परतली. मग तीही येईना.

एका संध्याकाळी मी आत वाचत बसलो होतो. बराच वेळ गल्लीकडे बघून आत्या माझ्याकडे वळली.

"तुला रं? कुटं काय दुखत न्हाय व्हय?"

मला काहीच दुखत नव्हतं.

"डोकं जरा जड वाटतंय," मी म्हणालो.

"मग हितं ये की," म्हणत तिनं उंबऱ्यावर सरकून जागा केली.