चिकलठाण्याचा ध्रुव

सप्तपदी झाली आणि बन्सीमामांनी हुश्श केलं. भाच्याचं, विश्वजीतचं, लग्न त्यांनीच जमवलेलं. मुलीचे वडील रामकिसनराव स्थळाला तयारच नव्हते. थोरल्या जावयानं लेकीला कॅनडाला नेलं, तेव्हापासून नातवंडं त्यांना मोबाइलच्या पडद्यावरच भेटत. शेवटी मामांनी हमी दिली, "चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी हाय पोराची. गाव सोडून गेलं तर माझ्या मिशा उतरवा!" आणि मामांच्या मिशा अख्ख्या पिशोरच्या बाजारात नावाजलेल्या होत्या.

"आता ध्रुवदर्शन," गुरुजी म्हणाले. "नवरदेवानं तारा दाखवायचा, नवरीनं दिसला म्हणायचं, की झालं."

एरवी कुणी वर मानही करत नाही. पण रामकिसनराव आडवे आले.

"असं कसं? खराच दाखवा. अढळ म्हंजी काय ते जावयाला बी कळू द्या."

सगळे लॉनच्या मोकळ्या कोपऱ्यात आले. रोषणाईच्या झगमगाटात एक चांदणी दिसेल तर शपथ! गुरुजी चष्मा शोधू लागले.

"मामा, तुम्ही रानात झोपता. तुम्हीच दाखवा," विश्वजीतनं गळ घातली.

मांडवात दिवसभर गरगर फिरून मामांना उत्तर दिशा कुठली हेही उमगेना. पण माहीत नाही असं म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. जालन्याच्या बाजूला एक टपोरा दिवा लटकत होता. मामांनी बोट रोखलं.

"त्यो बघा! हालतो का जरा तरी? आमचा विश्वजीत बी तसाच."

रामकिसनरावांचे डोळे पाणावले. गुरुजींनी मंत्र सुरू केला. तारा तेजस्वी होत गेला. मग जरा जास्तच तेजस्वी झाला.

"मामा," नवरी मोनिका हळूच म्हणाली, "त्याला लाल दिवा बी हाय."

"शेजारी मंगळ असंल."

तेवढ्यात ध्रुव घरघरत सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. गुरुजींचा मंत्र त्या आवाजात बुडाला आणि दोन पाहुण्यांनी सवयीनं टाटाही केला.

"बन्सीराव," रामकिसनराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचा अढळ तारा तर उतरायलाय की!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"उतरला, पर कुठं? चिकलठाण्याच्या इमानतळावरच ना? कुठं बी फिरू द्या, मुक्कामाला इथंच! ह्याच्याहून अढळ काय पायजे?"

वऱ्हाड खो खो हसलं. रामकिसनरावांनी मामांना मिठीच मारली. एकच लग्न दोनदा जमवल्याचा आनंद मामांना झाला.

इतक्यात विमानतळाकडून दुसरा दिवा उठला आणि वर वर जात दिसेनासा झाला.

"आन् ह्यो कुठं निघाला?" रामकिसनरावांनी विचारलं.

मोनिकानं उगाच मुंडावळ्या सारख्या केल्या.

"बंगळुरूला असंल, पप्पा. लग्न उरकल्यावर सांगणार होते... कंपनीनं मला तिथं बढती दिलीय. पुढच्या महिन्यात जायचंय."

"आन् जावई?"

"मी इथंच," विश्वजीत म्हणाला. "मामांनी शब्द दिलाय ना."

रामकिसनराव सावकाश वळले. त्यांची नजर मामांच्या नाकाखाली येऊन थांबली. मामांनी झटकन दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

"हमी नवरदेवाची दिलती, पाव्हणं," हातांआडून आवाज आला. "नवरी तुमची हाय."