बंदुकीला वारा घालणारे जमादार

बंदुकीला वारा घालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. देवाला वारा घालतात, आजाऱ्याला घालतात, जेवायला बसलेल्या जावयाला तर घालावाच लागतो. पण लग्न होऊन चुडाव्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडून पाहते, तर समोरच्या ओट्यावर एक मिशाळ म्हातारा मांडी घालून बसलेला. पुढ्यात घोंगडीवर रायफल निजवलेली, आणि हा बाबा शिंदीच्या पानांच्या पंख्याने तिला वारा घालतोय. मी दार लावून घेतलं आणि ह्यांना विचारलं, "समोरच्यांचं डोकं बरं आहे ना?"

"ते किसनराव जमादार," हे म्हणाले. "डोकं बरं आहे. नळी तापली असेल."

निजामाचं राज्य होतं. हे गावच्या शाळेत मास्तर होते, कागदोपत्री मुदर्रिस. जमादार निजामाच्या फौजेतून पेन्शनीत आलेले. बायको वारलेली, घरात एकटेच. रानडुकरांपासून पिकं राखायला म्हणून त्यांच्याकडे परवान्याची एक जुनी रायफल होती, एका वेळी एकच काडतूस घालायची. तिच्या नळीवर लाकडाचं पांघरूण नव्हतं, त्यामुळे ती चटकन तापे. रानातली डुकरं म्हातारी होऊन आपल्या मरणाने मेली. जमादारांच्या गोळीने मेल्याचं मी ऐकलं नाही. नळी गार होईपर्यंत थांबायला डुकराला कुठे सवड असते?

गावात राहायचं तर शेजाऱ्याचं वेड समजून घ्यावं लागतं, आणि जमादारांना ते समजावून सांगायची हौसच होती. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला ओट्यासमोर उभं करून धडा दिला.

"मास्तरीणबाई, गोळ्या सुटल्या की नळी तापती. तापली की तिच्यातून झळ निघती. ती झळ बरूबर आपल्या डोळ्याम्होरं नाचती. मंग निशाणी पाण्यात पडल्यागत हालती. हाय तिथं दिसत न्हाई, जरा वर दिसती. आपुन दिसंल तिथं मारतो, आन गोळी जाती वरून."

"पण मामा, उन्हाळ्यात रानातही झळा दिसतातच की."

ह्या प्रश्नावर ते असे खूश झाले की त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी झाले. "लय बरूबर इचारलं! रानातली झळ पाव्हणी हाय. ती कुन्या अंगाला वाकायलीय ते बगितलं की वाऱ्याची खबर कळती. नळीची झळ घरभेदी. आपल्याच घरातून निघती आन आपल्यालाच फशिवती."

मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घरभेदी म्हणजे काय ते कळत होतं, मी एकत्र कुटुंबात वाढले होते.

त्यांचे झळ मारायचे उपाय एकाहून एक होते. तीन गोळ्या झाल्या की रायफलीचं मागचं कुलूप उघडून तोंड आभाळाकडे करायचं, म्हणजे आतली गरम हवा धुराड्यातून जावी तशी वर निघून जाते. मग नळीवरून ओलं फडकं फिरवायचं. मग पंखा. आणि शेवटी हाताची पालथी बाजू नळीला लावून डोळे मिटून बसायचं, पोराचा ताप पाहावा तसं. गोळ्या महाग, म्हणून सरावाला ते रायफल उन्हात वाळत घालत आणि ती तापली की नुसताच नेम धरत. ऊन चांगलं पडे ते माझ्याच अंगणात. एका खाटेवर माझे पापड आणि शेजारी त्यांची रायफल, असं आमचं वाळवण चाले. मी तक्रार केली नाही, कारण त्या दिवसांत पापडांकडे एक कावळा फिरकत नसे.

हळूहळू ही झळ त्यांनी सगळ्या संसाराला लावली. चहाची वाफ बसल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत, "वाफ नाचायलीय, चव खोटी लागंल." उन्हातून आलेल्या माणसाशी व्यवहाराचं बोलत नसत. पारावर दोघं बांधावरून हमरीतुमरीवर आले की जमादार मध्ये बसून दोघांनाही पंख्याने वारा घालीत. भांडणारे आधी हसत आणि मग भांडण विसरत. मी स्वतः जरा तापट. माझा आवाज चढला की समोरच्या ओट्यावरून हाक येई, "बाई, नळी तापायलीय! आत्ता सोडू नगा, वरून जाईल!" एकदा ह्यांच्यावर मी इतकी चिडले होते की माहेरची गाडी गाठायलाच निघाले होते. जमादार दारात आले आणि पंखा माझ्या हातात देऊन गेले. काय करणार? घातला वारा स्वतःला. गाडी निघून गेली, मी भाकरी थापायला बसले.

दरसाल पाडव्यानंतर परभणीच्या चांदमारीवर पेन्शनवाल्यांची नेमबाजी होई. प्रत्येकाला दहा गोळ्या. बिगूल वाजायच्या आत संपवायच्या. जमादार कोट, पायाला पट्ट्या, पदकं असा सगळा थाट करून आधी माझ्या दारात येत. मी त्यांच्या तळहातावर दही घाली. ते चाटून, मिशा पुसून ते स्टेशनाकडे निघत. एका खांद्याला रायफल आणि काखेत पंखा.

एका साली हेही सोबत गेले होते. त्यांनी आल्यावर नक्कल करून दाखवली. बाकीचे धडाधड गोळ्या झाडताहेत, आणि आमचे जमादार जमिनीवर पालथे पडून रायफलीला वारा घालताहेत. वरचा अंमलदार म्हणाला, "क्या जमादार, बारात में आए क्या?" जमादारांनी पडल्या पडल्याच सलाम ठोकला. "साब, नली गरम है!" त्यांच्या नऊ गोळ्या नऊही वेळा काळ्या टिक्क्यात बसल्या. दहावी भरायच्या आत बिगूल वाजला.

हे दरसाल असंच होई. नऊ बसत, दहावी राही, आणि शालीचं बक्षीस दुसराच कोणी घेऊन जाई. संध्याकाळच्या गाडीने जमादार परतले की पारावर सोपान न्हावी वाट पाहतच असे.

"जमादार, औंदा किती?"

"नऊ."

"आन धावी?"

"नळी तापली व्हती."

सगळा पार हसे. गावाने त्यांचं नाव नऊगोळे जमादार ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, "मामा, एक गोळी चुकली तर चुकली. झाडून टाकावी." ते गंभीर झाले. "बाई, खोट्या नजरंनं सोडलेली गोळी कुठंबी जाती. ती मागारी बोलावता येत न्हाई." पण दहाच्या दहा बसाव्यात, एकदा तरी पारावर तसं सांगता यावं, हे त्यांच्या मनात किती होतं ते मला माहीत होतं. परभणीहून आले की दोन दिवस ते ओट्यावर बसत नसत.

आमची सुमन तीन वर्षांची झाली त्या साली जमादारांना युक्ती सापडली. एक दिवस पाहते, तर त्यांनी आपल्या बाजल्याची पायाकडची नवार उसवलेली. तिची एक लांब पट्टी रायफलीच्या नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या टोकावरच्या माशीपर्यंत, नळीच्या जरा वर ताणून बांधलेली. झळ आता पट्टीखालून दोन्ही अंगांनी निघून जाई, डोळ्यांपुढे येतच नसे. थांबायचं कामच उरलं नाही. "बाई, बगा, बगा!" म्हणून त्यांनी मला पालथं पडून नेम धरायला लावलं. मी पदर खोचून पडले. रायफल उन्हात भाजत होती, पण ओढ्यापलीकडचं चुना लावलेलं मडकं जागच्या जागी स्वच्छ दिसत होतं. सोपान म्हणाला, "जमादारनं बंदुकीला बाज इणली!" पण त्यालाही कळलं होतं की औंदा शाल चुडाव्याला येणार.

घोटाळा एवढाच झाला की जमादारांच्या बाजल्याला पायाकडे भोक पडलं. ते पोटाशी पाय घेऊन निजू लागले. त्यांच्या घरात भिंतीला लागून आणखी एक लहान बाजलं होतं, दोन-अडीच हातांचं, नवार घट्ट आणि धुतलेली. त्यावर कोणी निजत नसे. ते कोणाला टेकूही देत नसत. मी म्हटलं, "अहो, ह्याची नवार काढायची की! स्वतःचं अंथरूण कशाला उसवलं?"

"ती नगं," ते म्हणाले आणि थंडगार नळीलाच वारा घालू लागले.

चांदमारीच्या आदल्या संध्याकाळी सुमनला थंडी वाजून ताप भरला. पहाटेपर्यंत तिचं अंग विस्तवासारखं झालं. डॉक्टर पूर्णेला, हे पहिल्या गाडीने त्यांना आणायला गेले. ऊन वर आलं तशी ती बरळायला लागली. मी तिला दोन गोधड्यांत गुंडाळून, दारं-खिडक्या लावून, देवाची नावं घेत बसले होते.

दार ढकलून जमादार उंबऱ्यात उभे राहिले. कोट, पदकं, खांद्याला रायफल. दह्यासाठी हात पुढे केलेला. मला पाहून त्यांनी तो मागे घेतला. रायफल कोपऱ्यात ठेवली, बूट काढले, आत आले आणि हाताची पालथी बाजू सुमनच्या मानेला लावून डोळे मिटले.

"लय तापलीय," ते म्हणाले. "गोधड्या काढा."

मी घागरीतलं गार पाणी आणायला धावले, तर त्यांनी अडवलं. "एकदम गार नगं. तापल्या नळीवर गार पानी वतलं तर ती बाक धरती. कोमट आणा. आन खिडकीला ओलं लुगडं लावा, भायेरची झळ आत येऊ देऊ नगा."

मग त्यांनी ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली. कपाळ, मान, काखा, तळपाय. घडी झाली की पंखा, पंखा झाला की घडी. कवायतीसारखा एका लयीत हात चालला होता. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली.

"मामा, तुमची गाडी!"

"जाऊ द्या."

"औंदा नवार आहे. औंदा तुमच्या दहाही..."

"बाई, पानी बदला."

गाडी गेली. ती पुलावरून गेल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. त्यांचा हात थांबला नाही. कोट घामाने भिजला होता, तो काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

दुपार कलताना सुमनच्या कपाळावर घाम फुटला. तिने डोळे उघडले, कोपऱ्यात पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाली, "मामा, बंदुकीला उकडतंय." मी मोठ्याने रडले. जमादारांनी मात्र खरोखरच उठून दोन हात रायफलीला वारा घातला आणि परत पोरीजवळ येऊन बसले.

डॉक्टर आले तेव्हा ताप उतरणीला लागला होता. त्यांनी हिवतापाची कडू गोळी दिली. म्हणाले, "औषध मी देतोय, पण मी येईपर्यंत पोर ज्यांनी सांभाळली त्यांचे उपकार माना." ते आम्ही मानले, आजही मानते. देवाला मी पुष्कळ हाका मारल्या होत्या. धावून आला तो पट्ट्या बांधलेला नऊगोळे जमादार.

मी चहा केला. जमादार वाफ बसायची वाट पाहत राहिले. कपाकडे पाहतच म्हणाले, "माजी लेक, तानी, अशीच तापली व्हती. एवढीच व्हती. घरी कारभारीण एकली. तिनं गोधड्या घातल्या, जसं तुमी घातल्या. तिला कोन सांगणार?"

"तुम्ही कुठे होतात?"

"छावणीत. नळी गार करायलो व्हतो."

त्यांनी चहा पिऊन कप पालथा घातला आणि रायफल न घेताच समोर घरी गेले.

संध्याकाळची गाडी येऊन गेली होती. पारावर नेहमीची मंडळी जमली होती. सकाळी जमादार गाडीत चढलेच नाहीत, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. जमादार घरातून बाहेर पडले ते अंगात तोच चुरगळलेला कोट, छातीवर पदकं आणि डोक्यावर ते लहान बाजलं घेऊन. ते आमच्या दाराकडे यायला लागले. मी उंबऱ्यात उभी होते.

"पोरीला ह्याच्यावर निजवा," ते मला लांबूनच म्हणाले. "नवारीला खालून वारा लागतो. झळ लागत न्हाई."

तेवढ्यात सोपानने त्यांना पाहिलं. पार हसायला तयारच होता.

"अरे वा, जमादार! औंदा शालीच्या जागी सरकारनं बाजलं दिलं काय? किती बसल्या?"

जमादार थांबले. डोक्यावरचं बाजलं त्यांनी दोन्ही हातांनी नीट सावरलं.

"औंदा," ते म्हणाले, "धाच्या धा."