उभ्यानं, बिनटेक्याचं, साठ पावलं

किसनतात्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते एक डोळा मिटून.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन मी डाळजच्या शिवारात आमच्या अडीच एकरांवर राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी दारात दात घासत उभा होतो. पलीकडच्या बांधावर एक उंच, वाळका म्हातारा उभा राहून माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता. मग तो सरळ माझ्या दिशेनं चालत निघाला. ओठ हलत होते. मला वाटलं, जप चालला असेल. माझ्यासमोर येऊन तो थांबला आणि म्हणाला, "अठ्ठावन्न."

"काय अठ्ठावन्न?"

"पावलं. उभ्यानं, बिनटेक्याचं जमलं असतं." मग हात जोडून म्हणाला, "राम राम, भाऊसाहेब. मी किसन. शेजारी हाय तुमचा."

तोंडात फेस असल्यामुळे 'जमलं असतं म्हणजे काय' हे मला विचारता आलं नाही. ते दुपारी दूधवाल्याकडून कळलं. तात्यांकडे रायफल होती, वडिलांच्या वेळची. ती उभ्या उभ्या, झाडाला, भिंतीला, कशालाही न टेकवता हरणावर चालवायची झाली तर अंतर जास्तीत जास्त किती असावं, या एका प्रश्नावर तात्यांनी आपलं सगळं आयुष्य घालवलं होतं. म्हणजे त्या सकाळी मी हरीण होतो आणि तात्यांच्या हिशेबानं मेलेला होतो.

उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. उभ्यानं साठ पावलं. एक गुडघा टेकून नव्वद. बसून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवून, एकशेवीस. "आन त्याच्या पल्याड?" असं कुणी विचारलं की तात्या म्हणत, "त्याच्या पल्याड घरी जावं. जेवण तयार असतंय."

"तात्या, झाडाला टेकवून मारली तर लांबचं नाही का जमणार?" मी एकदा भोळेपणानं विचारलं.

"झाडाला टेकवून मारायची तर लायसन झाडाच्या नावानं काढा," तात्या म्हणाले. "रायफल हालत न्हाय, भाऊसाहेब. मानूस हालतो. श्वास हालतो, काळीज हालतं. आपण किती हालतोय हे ज्याला कळलं त्यालाच आपलं अंतर कळलं. बाकीचे नुसता आवाज काढत्यात."

हरणाची शिकार कायद्यानं केव्हाच बंद झालेली आहे. हे तात्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. वडील जुन्या काळचे शिकारी. त्यांनी मुलाला अंतराची विद्या शिकवली आणि ती विद्या वापरायची वेळ येईपर्यंत कायदा आला. परवाना होता तो पीक संरक्षणाचा. "गोळी घालायचीय कुणाला?" तात्या म्हणत. "मी फकस्त अंतर बघतो."

बघत मात्र सगळीकडे. लग्नात मांडवात शिरले की आधी दारापासून बोहल्यापर्यंत पावलं मोजायचे, मग जेवायला बसायचे. कारखान्याच्या वार्षिक सभेत एकदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. व्यासपीठावर अध्यक्षांचं भाषण रंगात आलेलं. तात्यांनी एक डोळा मिटला, कोपरं गुडघ्यांवर रोवली आणि सभा ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, "एकशेदहा. बसून आरामात हुईल." मागं उभा असलेला हवालदार पुढं आला. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. मी सांगत होतो की ही एक सवय आहे, आणि तात्या शेजारून सांगत होते की वारा डावीकडून आहे. अध्यक्षांनी त्या वर्षी भाषण आटोपतं घेतलं, एवढाच त्यातला फायदा.

नातीला बघायला बारामतीचा एक मुलगा आला, इंजिनियर. सगळ्यांचे प्रश्न विचारून झाले तेव्हा तात्यांनी त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि हात सरळ समोर धरायला सांगितलं. मुलाचा हात थोड्या वेळानं थरथरला, पाणी त्याच्या नव्या पँटवर सांडलं. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, हात भरून आलाय. ठेवू का खाली?"

"ठेव," तात्या म्हणाले आणि आत वळून ओरडले, "पोरगं पसंत हाय!"

मी नंतर कारण विचारलं, कारण मुलगा तर नापास झाला होता. तात्या म्हणाले, "दंडात काय न्हाय त्याच्या. पर आपला हात कवा भरला ते त्याला कळलं, आन त्यानं तोंडानं सांगितलं. असला गडी नांदवतो." नात आज बारामतीत, जळोचीला सुखात आहे. म्हणजे परीक्षा अगदीच टाकाऊ नसावी.

या सगळ्यावर हौसाकाकींचं, म्हणजे तात्यांच्या पत्नीचं, मत वेगळं होतं. "पन्नास वर्सं झाली, एक चिमणी मारली न्हाय ह्यांनी," त्या भाकरी थापता थापता सांगत. "रोज रायफलीला तेल लावत्यात. त्यातलं निम्मं सोताच्या डोस्क्याला लावलं असतं तर आज केस दिसलं असतं."

"अंतर बसंना, त्याला मी काय करू?" तात्या ओसरीवरून म्हणत.

अंतर बसत नव्हतं हे खरं. रोज संध्याकाळी ऊन कललं की तात्या रायफल खांद्याला लावून निघत. माझ्या आणि त्यांच्या रानाच्या पुढं माळ सुरू होतो. तिथल्या बांधावर ते बसत. थोड्या वेळानं माळावरून पाच-सहा चिंकारा येत, माना वर करून थांबत आणि मग तात्यांच्या हरभऱ्याच्या कडेला उतरत. सुरुवातीला मीही उत्सुकतेनं जायचो.

"सत्तर," तात्या कुजबुजत. "मारायची तर उभ्यानं, आन उभ्यानं धा पावलं जास्त हाय."

दुसऱ्या दिवशी हरणं पन्नासांवर. मी तात्यांकडे बघितलं. "वारा आडवा हाय," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी चाळीस. "म्होरली मादी हाय. पोटुशी दिसती." एकदा तर एक तरणाबांड नर तीस पावलांवर येऊन उभा राहिला. शेपटी हलवत आमच्याकडेच बघत होता. आता काय सबब सांगतात म्हणून मी कान टवकारले.

"हितनं काय मारायचं?" तात्या तुच्छतेनं म्हणाले. "ही काय शिकार हाय व्हय?"

मी हे गावात रंगवून सांगितलं. चावडीवर, दुधाच्या डेअरीत, भिगवणला चहाच्या टपरीवर. पन्नास जवळ, सत्तर लांब आणि साठांवर हरीण कधी येत नाही, असा शिकारी जगात आमच्याकडेच आहे, असं म्हणून मी टाळ्या घेतल्या. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात त्या हसण्याचाही वाटा आहे.

गेल्या हिवाळ्यात परवान्याचं नूतनीकरण आलं. इतकी वर्षं नुसती सही होत असे. या वेळी कचेरीतून कागद आला की हत्याराची गरज काय ती सविस्तर लिहावी. कोणतं जनावर, कोणत्या पिकाचं, कसं नुकसान करतं. नाहीतर हत्यार जमा करावं. तात्या कागद घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता.

"भाऊसाहेब, तुमच्या हाताला कागद ऐकतो. काय तरी करा. रायफल जायला नगं."

त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, तात्या, काळजीच सोडा. तीस वर्षं मी सरकारला अर्ज लिहिले आहेत, आणि त्याहून जास्त फेटाळले आहेत. कोणत्या शब्दाला साहेब विरघळतो हे मला माहीत आहे. दोन तास बसून अर्ज तयार केला आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन खणखणीत वाचला. "...सदर क्षेत्रात चिंकारा हरणांचा कळप नित्य शिरकाव करीत असून, त्याने हरभरा पिकाची अतोनात नासधूस केली आहे. सबब..."

"थांबा," तात्या म्हणाले. "नासधूस कुणी केली?"

"हरणांनी."

"कवा?"

"तात्या, असं लिहायची पद्धत असते."

"पद्धत कागदाची, पर नाव त्यांचं ना?" तात्या ताठ बसले. "खालच्या दोन वळी सोडून तिसऱ्या वळीला तोंड लावत न्हाईत ती. आन त्या दोन वळी मी टाकतोच त्यांच्यापायी. मग नासधूस कसली?"

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. मी हळूच म्हटलं, "रानडुकराचं नाव घालू का मग?"

"डुक्कर आपल्या शिवारात आलंय कधी? न आलेल्याचं नाव घालायचं?" मग म्हणाले, "आन तक्रार गेली की माणसं येत्यात. जाळ्या लावून धरत्यात, गाडीत घालून लांब न्हेऊन सोडत्यात. असं म्हणत्यात लोक. खरं का खोटं कुणास ठाऊक. माझ्या अर्जानं नगं."

"तात्या, मग रायफल जाणार."

"जाऊ द्या," तात्या म्हणाले. आणि कचेरीच्या कागदाची घडी घालून ती पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

जमा करायला मीच त्यांच्याबरोबर गेलो. आदल्या दिवशी तात्यांनी तिला तेल लावलं होतं. ठाण्यातला पोरगेला शिपाई ती घ्यायला पुढं झाला तर तात्या म्हणाले, "अशी न्हाय. उभं ऱ्हावा. खांद्याला लावा." शिपायानं गंमत म्हणून लावली. तात्यांनी एक डोळा मिटून त्याला निरखलं. "लई हालताय. पंचवीस पावलांच्या पुढं जाऊ नका," असा त्याला सल्ला दिला आणि पावतीवर सही केली. ठाणं हसलं, तात्याही हसले. एसटीत मात्र भिगवण येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडून होते.

त्यानंतर चार दिवसांनी हौसाकाकी माझ्या दारात आल्या. त्या कधी येत नाहीत.

"भाऊसाहेब, ह्ये बांधावर जाईनात," त्या म्हणाल्या. "सांज झाली की आत भिंतीकडं तोंड करून पडत्यात. म्या म्हटलं, जावा की, हरणं आली असतील. तर म्हणत्यात, रिकाम्या हातानं कसं जाऊ? लोक इचारतील, तात्या, हितं काय करताय? काय सांगू त्यास्नी?"

त्या गेल्यावर मी खुर्चीत तसाच बसलो, आणि मला माझी लाज वाटली. आमच्या भागात शेतकरी बांधावर बसू शकतो. पाण्याची पाळी असेल तर, राखण असेल तर, शेजाऱ्याशी भांडण असेल तर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं रोज तासभर नुसतं हरणांकडे बघत बसायचं, याला आमच्याकडे कारण नाही. रायफल खांद्याला असली की तो राखण्या होता. ती नसली की तो वेडा. पन्नास वर्षं त्या माणसानं एका लोखंडाच्या आडून आपलं प्रेम निभावलं होतं आणि मी ते चहाच्या टपरीवर विकत होतो.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तात्या खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तात्या," मी म्हटलं, "उठा. हरभऱ्याला लागून माझा अर्धा एकर कांदा आहे ना, त्यात हरणं शिरतायत. अतोनात नासधूस. तुमच्याशिवाय राखण कुणाला जमणार नाही. आजपासून रोज यायला लागेल."

तात्या उठून बसले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "हरीण कांदा खात न्हाय."

"माझा खातंय."

"कुटलंच हरीण कांदा खात न्हाय."

"तात्या, कांदा माझा आहे. मला माहीत."

त्यांचे ओठ थोडे हलले. मग त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात आत हाक मारली, "अगं ए, माझा टावेल दे! भाऊसाहेबांच्या कांद्याला हरणं लागल्यात. जायलाच पायजे!"

काकी टॉवेल घेऊन दारातच उभ्या होत्या.

तात्यांनी तो खांद्यावर टाकला, पायात वहाणा सरकवल्या आणि उंबऱ्यावर थांबून मला हळूच म्हणाले, "वाटंत कुणी इचारलं तर तुमी सांगायचं. मला खोटं जमत न्हाय."