व्लास्ताच्या पाठीवरची चिठ्ठी

माल आणि माणूस यांतला फरक ओळखता येणे ही प्रगत समाजाची पहिली खूण होय. शिकागोच्या ब्रॅमवेल कंपनीच्या टपालविक्री गोदामात हा फरक एका नजरेत कळे. पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर माल, नसेल तर बाई.

पत्राने आलेली मागणी पंधरा मिनिटांत गोळा होऊन बांधणीच्या टेबलावर पोचलीच पाहिजे, असा नियम होता. त्यासाठी नऊशे बाया फडताळांमधून रोज सरासरी अकरा मैल धावत (जेवणाच्या सुट्टीतले धरलेले नाहीत). बसायला मनाई होती. बसले की पाय दुखत असल्याचे लक्षात येते, असे कंपनीच्या डॉक्टरांचे मत होते.

मोजे विभागातल्या व्लास्ता कुबातला त्या महिन्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी; आणि घरी तिच्या पगारावर चार तोंडे. त्या मंगळवारी ती डझनभर लोकरी मोजे घेऊन टेबलापाशी पोचली ती चार मिनिटे उशिराच. धापा टाकत टेबलाला पाठ टेकली, तर ओल्या डिंकाची एक चिठ्ठी पाठीला चिकटून आली.

देखरेखीच्या मिस गिलहूलींनी घड्याळ पाहिले, मग पाठ पाहिली.

"हे काय गं?"

"चुकलं बाई, उशीर झाला," व्लास्ता रडवेली झाली.

"उशीर दिसतोय मला. पाठीवर काय आहे?"

बांधणीवरची हेडविग सुतळी ओढत म्हणाली, "चिठ्ठी आहे. म्हणजे हा माल झाला. मालाला उशीर झाला तर दोष विभागाचा, बाईचा नाही."

"तू शहाणपणा शिकवू नकोस मला."

"मी कुठं? माल हाताळायचं कलम सतरा शिकवतंय."

मिस गिलहूलींनी एकोणीस वर्षांत एकही कलम मोडले नव्हते. उशीर विभागाच्या नावे लागला, व्लास्ताची नोकरी वाचली, आणि कलमाप्रमाणे तिला कोरड्या जागी, गवताच्या थरावर, हळुवार ठेवण्यात आले. मालाला आपटायचे नसते, त्याच्या कानाशी ओरडायचेही नसते (काचेला तडा जातो).

"बरं वाटतंय का गं?" हेडविगने हळूच विचारले.

"गप. माल बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी नऊशेही बाया पाठीला चिठ्ठी लावून आल्या आणि गवतावर बसल्या. कागदोपत्री कंपनीचा तो सर्वोत्तम दिवस ठरला: माल भरपूर, उशीर करणारी बाई एकही नाही. फक्त गोदामाबाहेर काही गेले नाही. व्यवस्थापकांनी अत्यंत सहानुभूतीने विचार करून तिसऱ्या दिवशी कलम सुधारले. यापुढे मालही उभाच ठेवायचा.

या गडबडीत ते मोजे डाकोटाच्या ऑल्सन नावाच्या शेतकऱ्याला दोन दिवस उशिरा मिळाले. त्याने लिहिले, "मोजे उबदार आहेत. पण तुमच्या बाया दिवसभर बसून असतात की काय?"

उद्धट माणूस, असे तुम्ही म्हणालच. पण त्याने निदान पदरचे तिकीट लावून चार ओळी तरी लिहिल्या. तुम्ही परवा पार्सल उशिरा आले म्हणून फोनवर पाचांतला एकच तारा दाबून मोकळे झालात.