नानांचा पळपुटा पुदिना

वाचमननाना पुदिन्यावर शिट्टी मारतात. माणसांवर मारतात ते वेगळं.

नाना माझे शेजारी. मुंबईत एका बिल्डिंगच्या गेटवर त्यांनी उभा जन्म काढला. बायको गेली, मुलगा तिकडेच राहिला, आणि नाना एकटे गावी, कुडपणला परत आले. पण गेट काही सुटलं नाही. दाराशी रजिस्टर ठेवलंय. पोस्टमन आला तरी नाव, वेळ आणि 'कामाचं कारण' लिहून घेतल्याशिवाय पत्र घेत नाहीत.

महाडच्या बाजारातून आणलेली पुदिन्याची जुडी त्यांनी मोरीजवळ फुटक्या बादलीत लावली. अख्ख्या वाडीत पुदिना तेवढाच. चटणी वाटायची झाली की बायका नानांच्या दारात. नाना आधी सही घ्यायचे, मग बसवून चहा पाजायचे, मुंबईच्या गोष्टी सांगायचे आणि मग चार काड्या द्यायचे. चार काड्यांना तास जायचा.

पुढे पुदिना बादलीबाहेर पडला. मोरीच्या पाण्याबरोबर कुंपणाखालून निसटून ओहोळाला लागला आणि तिथं असा माजला की पाय ठेवायला जागा नाही. नाना रोज सकाळी शिट्टी मारत ओहोळावर हजर. "बिगर परमिशन भायेर? चल आत!" म्हणत मुळासकट उपटायचे आणि नेऊन बादलीत कोंबायचे.

बायका हसायच्या. "नाना, ओहोळातलं कुनाचं नसतं!"

"ह्यो माजा हाय. पळून आलाय."

"मग पोलिसात जावा!"

मीही त्यांना चिकटच समजत होते. एकदा ओहोळावर पानं खुडताना त्यांनी मला पकडलं. मी घाबरून मूठ पाठीमागे नेली.

"हितनं कशाला घेतेस गो?" ते हळूच म्हणाले. "घरी बादली भरलीय. काल पन च्याचं आधन ठेवलं व्हतं. कोन आलंच नाय."

मूठ तशीच पाठीमागे धरून मी घराकडे वळले.

घरी आले तर माझ्याच मोरीमागे हातभर पुदिना फुटलेला. सगळा उपटून म्हशीपुढे टाकला. तिनं हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा उकिरड्यात पुरला. हात तीनदा धुतले तरी वास जाईना. शेवटी हात पदरात गुंडाळले आणि नानांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"नाना, चार काड्या द्या की. आमच्याकडं एक पान नाय."