गव्याची महाधमनी आणि साळिंदररावांचं पुस्तक

एका जंगलात, मुलांनो, फार चांगला दवाखाना होता. चांगला म्हणजे तिथे पुस्तक होतं.

त्या पुस्तकात प्रत्येक ऑपरेशनचा क्रमांक होता. खुरातला खडा काढायचा वेगळा, मोडलेलं शिंग बसवायचा वेगळा. पुस्तक सांभाळायचे साळिंदरराव. लिहायची वेळ आली की ते स्वतःच्या पाठीवरचा काटा उपसायचे, इतके कर्तव्यदक्ष. नियम सोपा होता. आधी क्रमांक, मग चीर. हत्यारांच्या पेटीवर एक अस्वल बसलेलं असायचं. क्रमांक ऐकल्याशिवाय ते उठायचं नाही.

एका सकाळी दौलू नावाचा गवा झुलत झुलत आला आणि दारातच बसला. सोबत त्याची बायको तुंगा होती.

शिंपीण नावाची चिमणीएवढी पाखरीण तिथली डॉक्टर होती. पानं शिवता शिवता ती रक्तवाहिन्या शिवायला शिकली होती. तिने दौलूच्या छातीला कान लावला.

"महाधमनी फाटली आहे," ती म्हणाली. "काळजातून निघणारी सगळ्यात मोठी नळी. ऊन डोक्यावर यायच्या आत शिवली तर वाचेल."

ती उडत साळिंदररावांकडे गेली. "महाधमनीचा क्रमांक द्या."

"तो कालपर्यंत होता, बाई. आजपासून नवी आवृत्ती. आता तीन आहेत. नळीच्या वळणाच्या अलीकडे फाटली तर पहिला, पलीकडे फाटली तर दुसरा, दोन्हीकडे फाटली तर तिसरा. किती बारकाईने केलंय बघा."

"कुठपर्यंत फाटली ते छाती उघडल्यावर कळणार."

"मग उघडा आणि सांगा."

"उघडायला हत्यारं लागतात. हत्यारांना क्रमांक लागतो."

"लागतोच," साळिंदरराव म्हणाले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. सूचनापेटीत टाका."

तुंगा पुढे आली. "भाऊजी, कुठलाही एक टाका ना. चुकला तर मागाहून खोडा."

"वहिनी, मला काय वाईट वाटत नाही का? पण या पुस्तकात आजवर एकही खाडाखोड नाही."

दौलू पडल्या पडल्या म्हणाला, "कुठपर्यंत फाटलंय ते मी सांगतो. पार पोटापर्यंत कळ जातेय. दोन्हीकडे असणार."

"रुग्णाचं म्हणणं धरता येत नाही," साळिंदरराव म्हणाले. "रुग्ण पक्षपाती असतो."

शिंपिणीने अस्वलाच्या कानाला चोच मारली. अस्वलाने कान झटकला. उठलं नाही.

शेवटी साळिंदररावांनी सिंहाच्या कचेरीत घार पाठवली. कचेरीत समिती बसली. समितीत एकालाही महाधमनी कुठे असते ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे चर्चा मोकळ्या मनाने झाली. ऊन डोक्यावर आलं, कललं, आणि घार उत्तर घेऊन परतली. 'शंका असल्यास तिसरा क्रमांक द्यावा.'

"तिसरा," साळिंदररावांनी हाक दिली.

अस्वल लगेच उठलं. तेही बिचारं नियमाचं पक्कं होतं.

पण शिंपीण जागची हलली नाही. तुंगा दौलूचा कान चाटत होती, आणि तो कान आता हलत नव्हता.

साळिंदररावांनी नवा काटा उपसला आणि पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. या वेळी त्यांना काहीच शोधावं लागलं नाही.

"मरणाचा क्रमांक एकच आहे," ते तुंगाला समजुतीने म्हणाले. "आणि वहिनी, इतक्या आवृत्त्या निघाल्या, पण हा कधी बदलावा लागला नाही."

तात्पर्य: मुलांनो, फाटायचंच असेल तर आधी चालू आवृत्ती वाचावी, आणि तिच्यात बसेल तेवढंच फाटावं.