पाटकर काकू आणि तुटका पूल

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या मजल्यावर शिव्या सुरू होतात. 'मेल्या, पाय आखूड झाले काय तुझे?' 'मुडद्या, मागे काय बघतोस?' दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, तेव्हा त्यांनी सेक्रेटरींकडे दबक्या आवाजात तक्रार केली की वरच्या बाईंनी घरात कुणाला तरी कोंडून ठेवलंय. सेक्रेटरींनी त्यांना समजावलं की तो बाब्या आहे, आणि तो टीव्हीच्या आत राहतो.

बाब्या म्हणजे पाटकर काकूंच्या व्हिडिओ गेममधला नायक. बोटभर उंचीचा, लाल टोपीचा. त्याचं खरं नाव जपानी अक्षरांत आहे, म्हणून काकूंनी त्याचं बारसं स्वतःच उरकलं.

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकू माझ्या समोरच्या घरात राहतात. सत्तरीला टेकल्यात. उभा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला. रस्त्यात बाई भेटली तर आधी तिचं माप आठवतं, नाव मागून. गेम खेळतानाही त्यांचा उजवा पाय खाली मशीनच्या पायडलवर असल्यासारखा हलत असतो. अर्नाळ्याची कोळीण बोंबील घेऊन आली की भाव करता करता काकू त्या गेमचंच संगीत गुणगुणतात. ती बिचारी आरती समजून थांबते.

गेमची कॅसेट त्यांच्या मुलाची, निनादची. शाळेत असताना वडिलांनी घेऊन दिलेली. ती ज्या डब्यात घालून खेळायची, तो डबा नव्या टीव्हीला जोडता येत नाही, म्हणून हॉलमध्ये जुना खोक्यासारखा टीव्ही आणि नवा चपटा आतल्या खोलीत चादरीखाली, असा काकूंचा संसार आहे. मागच्या वायरी सैल झाल्या की मला हाक येते.

एकदा मी स्वतः खेळून पाहिलं. पहिल्याच दारात मेलो. या गेममध्ये जिथवर पोचलो तिथून पुढे सुरू करायची सोय नाही. मेलात की पुन्हा सुरुवातीच्या वेशीपासून. किल्ली कुठल्या भिंतीत आहे ते कुणी सांगत नाही. गुहेत एक म्हातारी भेटते, ती सांगते, पण जपानीत. आणि बाब्याने एकदा उडी मारली की हवेत त्याला वळवता येत नाही. मी वैतागून म्हणालो की हा खेळ नाही, छळ आहे. काकूंना ते लागलं.

"छळ कसला? तो फसवत नाही," त्या म्हणाल्या. "वटवाघूळ रोज तिथूनच येतं. फळी रोज तीच तुटते. माणसांचं असं असतं का?"

वटवाघूळ आणि फळी ही तुटक्या पुलावरची. गेमच्या मध्यावर हा पूल येतो. फळ्या पायाखालून निसटतात, त्यात वटवाघूळ येऊन बाब्याला मागे ढकलतं. निनादही लहानपणी या पुलापाशी रडायचा म्हणे.

निनाद जर्मनीत असतो. पाटकर काका गेले तेव्हा त्याला वेळेवर येता आलं नाही. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. काकू त्याला काही बोलल्या नाहीत, आणि बहुतेक तेच त्याला जास्त लागलं. नंतर दर रविवारी दुपारी फोन यायचा. जेवलास का? जेवलो. थंडी आहे का? आहे. मग दोघंही ठेवायची वाट बघायची. एका दिवाळीत माळा झाडताना कॅसेट सापडली. रविवारी फोनवर काकूंनी सहज विचारलं की तू रडायचास तो पूल ओलांडायचा कसा. आणि तो मुलगा तासभर बोलला. कुठे थांबायचं, कुठे वाकायचं. मध्येच बाबांनी एकदा चिडून डबा खिडकीतून टाकायला काढला होता, त्याची आठवण निघाली. काका गेल्यानंतर निनादच्या तोंडून 'बाबा' हा शब्द काकूंनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

यातली खरी गोम मला कळली ती एका दुपारी. चित्र हलत होतं म्हणून मी टीव्हीमागे वायर धरून उभा होतो. काकू खेळत होत्या. पूल आला, आणि एकही शिवी न देता, नारळ खवावा तशा सहज त्या पार झाल्या. पुढचा डोंगर, पुढचा किल्ला, शेवटचा राक्षस. मग बाब्या टेकडीवर जाऊन बसला, सूर्य उगवला, चार जपानी ओळी आल्या आणि पुन्हा पहिली वेस.

मी निनादला कळवायला सुचवलं. तो खूश झाला असता.

"कधीचाच संपतोय हा माझा," काकू म्हणाल्या. "संपला म्हणून सांगितलं, तर पुढच्या रविवारी त्याला विचारू काय?"

म्हणजे दर रविवारी काकू पुलावरून पडत होत्या, आणि निनाद त्यांना हात देत होता.

मग निनादने एक चांगली गोष्ट केली. आईचे हाल बघवेनात म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. कुणीतरी हा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून दाखवला होता. काकूंनी थोडा पाहिला, हा फार घाई करतो म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. रविवारी निनादने विचारलं, पाहिलास ना? त्यांनी पाहिला म्हणून सांगितलं. मग झालं तर, तो म्हणाला. जेवण आणि थंडी झाली आणि फोन संपला. पुढच्या रविवारी फोन आला नाही, कामात असल्याचा निरोप आला.

त्या आठवड्यात मजल्यावर शिव्या ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा मला जिन्यात विचारून गेले, काकू बऱ्या आहेत ना?

नंतरच्या रविवारी बायकोचं ब्लाउजपीस द्यायला गेलो, तर काकू हातात फोन घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. मला बसायची खूण केली आणि स्वतःच निनादला फोन लावला. स्पीकरवर.

"अरे, तुझं ते काही समजत नाही मला," त्या म्हणाल्या. "तो माणूस बोलतच नाही. तूच सांग बाबा, पहिल्यापासून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," निनाद म्हणाला. "लावलायस ना? वेशीतून आत ये. घाई करू नकोस. पूल दिसला की सांग."

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"हो, दिसतोय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "आता कुठला पाय आधी टाकू?"

समोर टीव्ही बंद होता.